सिंहस्थापूर्वी वंशावळीच्या वह्या उतरवून घ्याव्यात

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय: तीर्थोपाध्यायांच्या वह्या, गावदप्तरे आणि त्यांतील स्त्रियांची नावे

महोदय,

२०२७ मध्ये नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ कुंभमेळा भरणार आहे. त्यासाठीचे रस्ते, घाट, वाहनतळ आणि गोदावरीचे पाणी यांविषयी आपल्या पत्रात नित्य वाचायला मिळते आणि ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु याच दोन क्षेत्री उपाध्यायांच्या घरांतून पिढ्यान्पिढ्या जपल्या गेलेल्या नामावळीच्या वह्यांविषयी मात्र कोठे दोन ओळी वाचल्याचे मला आठवत नाही. मी साताऱ्याची एक निवृत्त मुख्याध्यापिका आहे. गेली नऊ वर्षे मी माझ्या माहेरच्या घराण्याची वंशावळ जुळवीत आहे, आणि त्या कामात जे पाहिले ते वाचकांपुढे आणि जाणकारांपुढे ठेवावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझे थोरले बंधू गेल्यानंतर त्यांच्या मुलाबरोबर मी त्र्यंबकेश्वरला गेले होते. उपाध्यायांनी आम्हाला फक्त गाव, तालुका आणि आडनाव विचारले. त्यांनी आतून लाल कापडाच्या बांधणीची एक लांबट वही आणली, बोट फिरवीत चार-पाच पाने उलटली आणि ती माझ्यापुढे ठेवली. पानावर माझ्या आजोबांचे हस्ताक्षर होते. ते मोडीत होते, आणि निवृत्तीनंतर मी हौसेने मोडी शिकले होते म्हणूनच ते मला तेथल्या तेथे वाचता आले. शके १८४९, माघ वद्य पंचमी. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणून प्रथम १९२७ असे वाटते. पण माघ महिना पुढचे इसवी वर्ष लागल्यावर येत असल्याने येथे ७९ मिळवावे लागतात, आणि आजोबा त्र्यंबकेश्वरी आले ते १९२८ च्या फेब्रुवारीत, हे निश्चित होते. माझ्या वडिलांनाही हा प्रवास ठाऊक नसावा, कारण घरात त्याची कधी वाच्यताच झाली नव्हती.

त्या नोंदीत काय होते, ते जरा सविस्तर सांगते, कारण माझे सगळे म्हणणे तेथूनच निघते. आजोबांनी आपले नाव लिहून खाली वडील, आजोबा आणि पणजोबा यांची नावे दिली होती. भाऊ, पुतणे आणि मुलगे यांची नावे होती. आणि त्याखाली, तीर्थश्राद्धाच्या संकल्पात उच्चारावी लागतात म्हणून, माता, पितामही आणि प्रपितामही या तिघींची नावे होती. आपल्या घराण्याची छापील वंशावळ ज्यांनी पाहिली असेल, त्यांना या तीन नावांचे मोल लगेच कळेल. छापील वंशवृक्षात फांदीवर फांदी पुरुषांच्या नावांची असते आणि स्त्रिया बहुधा कंसात, कधी केवळ ‘प्रथम पत्नी’, ‘द्वितीय पत्नी’ एवढ्याच उल्लेखाने येतात. श्राद्धाचा विधी मात्र आईच्या, आजीच्या आणि पणजीच्या नावावाचून पुरा होत नाही, आणि म्हणून जी नावे कागदावर कोठेच उरली नाहीत, ती या वह्यांतून उरली आहेत.

ही केवळ भावनेची गोष्ट नाही. तिच्यावर संशोधनाची अचूकता अवलंबून आहे. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आहे. त्यामुळे एकाआड एक पिढीत तेच नाव, तेच वडिलांचे नाव आणि तेच गाव येते, आणि जुळवणारा हमखास फसतो. आमच्या घराण्यातील काही मंडळींनी पूर्वी मोठ्या कष्टाने कुलवृत्तांत छापला होता. त्यांचे ऋण मी मानते. परंतु त्यात माझे पणजोबा आणि त्यांचे आजोबा हे दोघे एकाच नावाचे असल्यामुळे एकच व्यक्ती समजले गेले. परिणाम असा झाला की मधल्या दोन पिढ्या गळाल्या, आणि जे माझ्या आजोबांचे आजोबा, ते वंशवृक्षावर त्यांचे थोरले भाऊ म्हणून छापले गेले. १९२८ च्या नोंदीने हा घोटाळा उघड केला. त्याच वहीत आणखी एक जुनी नोंद होती. तिची कड कसरीने खाल्लेली असल्याने शक आणि तिथी वाचता येत नव्हती, आणि नाव तर दोघांचेही तेच. ती नोंद पणजोबांची की त्यांच्या आजोबांची, हे ठरवता आले ते केवळ तेथे ‘सहकुटुंब’ या शब्दापुढे पत्नीचे नाव लिहिलेले होते म्हणून. ते नाव आजोबांच्या नोंदीतील प्रपितामहीच्या नावाशी जुळले. एका बाईचे नाव कोणीतरी टाळले नाही, म्हणून एक कागद त्याच्या योग्य पिढीत जाऊन बसला.

त्या तिघींपैकी माता म्हणून नोंदलेली, म्हणजे माझी पणजी, कधी वारली याचा शोध मी पुढे गावदप्तरात घेतला. गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये असतात, ज्याला आपण सर्वजण कोतवाल बुक म्हणतो. एका कार्यालयात मला दोन वर्षे ‘रजिस्टर उपलब्ध नाही’ असे उत्तर मिळाले. तिसऱ्या वर्षी नव्याने आलेल्या एका तरुण कर्मचाऱ्याने जिन्याखालील पोत्यांतून ते शोधून काढले. त्या मुलाने हातातली कामे बाजूला ठेवून माझ्याबरोबर पाने उलटली, याबद्दल मी त्याची कायमची ऋणी आहे. कागद इतका ठिसूळ झाला होता की पान उलटताना कोपरा हातात येत होता. १९१८ च्या ऑक्टोबरची पाने उघडली आणि आम्ही दोघेही गप्प झालो. मृताचे नाव, बाप किंवा नवरा, जात, वय आणि मृत्यूचे कारण असे रकाने, आणि कारणाच्या रकान्यात पानामागून पान एकच शब्द: ताप, ताप, ताप. ती इन्फ्लुएंझाची साथ होती. एरवी महिन्याकाठी तीन-चार नोंदी असणाऱ्या त्या लहानशा गावात एकाच दिवशी सहा नोंदी होत्या. त्यांत माझी पणजी होती, आणि तिच्या दोन ओळी खाली एक वर्षाची एक मुलगी होती, जिचे नाव लिहिलेले नव्हते, नुसते ‘मुलगी’ असे लिहिले होते. ती आमच्याच घरातली, हे बापाच्या नावावरून कळले. घरच्या कोणत्याही आठवणीत ती नाही.

संपादक महोदय, हे पोते पुढच्या पावसाळ्यात भिजले असते तर ते पानही गेले असते. पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ रोजी, पुण्यातील किती वाड्यांतले कागद वाहून गेले ते जुन्या पुणेकरांना ठाऊक आहे. गांधीहत्येनंतरच्या, १९४८ च्या जाळपोळीत दक्षिण महाराष्ट्रातील अनेक घरांची दप्तरे जळाली. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे आणि २०२१ च्या जुलैत महाड-चिपळूणला पाणी शिरले, तेव्हा घरांबरोबर ग्रंथालये आणि दप्तरेही चिखलात गेली. पण माझा अनुभव असा आहे की पूर आणि आग यांच्यापेक्षाही जास्त कागद वाळवी, ओल आणि ‘आता याचा काय उपयोग’ हे वाक्य यांनी संपवले आहेत.

एकट्याने हे काम होत नाही, हे मला लवकरच कळले. आमचे आडनाव वतनावरून पडलेले आहे. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील ही मुळात अधिकारपदांची नावे. वतने कायद्याने गेली तरी आडनावे राहिली, आणि त्यांच्या आड मूळचे उपनाव झाकले गेले. अशा वेळी गोत्र, कुलदैवत, देवक, कुळाचार आणि देवीला जाण्याचे ठरलेले गाव हेच मागचे दुवे असतात. घाटावर तीन-चार पिढ्या राहिलेल्या घराची कुलदेवता जर कोकणात असेल, तर ते घर कोठून वर आले याचा अंदाज बांधता येतो. पण त्या अंदाजाला कागदाचा आधार लागतो, आणि तो बहुधा दुसऱ्याच शाखेच्या घरी पडलेला असतो.

मला तो आधार बडोद्याहून मिळाला. त्याची कथा फेरफारांपासून सुरू होते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून आपल्याकडे हक्कनोंदीची दप्तरे ठेवली जाऊ लागली, आणि जमीनधारक मयत झाला की वारसांची नावे नात्यासह फेरफारात चढतात. हे जुने फेरफार आणि सात-बारा आता बऱ्याच जिल्ह्यांत शासनाच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात, ही फार मोठी सोय झाली आहे. आमच्या गावच्या १९६२ सालच्या एका फेरफारात माझ्या चुलत आजोबांच्या दोन मुलींची नावे मला मिळाली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुली वडिलांच्या वारस ठरल्या, म्हणून त्यांची नावे लिहिणे भाग पडले. आणि लगोलग पुढच्याच फेरफारात त्या दोघींनी भावांच्या लाभात हक्क सोडल्याची नोंद आहे, खाली एकीची सही आणि दुसरीचा अंगठा. ज्या कागदाने त्यांनी आपला वाटा सोडला, तोच त्यांच्या माहेरच्या अस्तित्वाचा एकमेव कागद. मी शाळेत असंख्य मुलींची नावे हजेरीपटावर लिहिली आहेत. त्या अंगठ्याकडे मी बराच वेळ पाहत बसले होते.

सही करणारीच्या नावापुढे सासरचे आडनाव आणि बडोदे हे गाव होते. गायकवाडांच्या चाकरीच्या निमित्ताने आपल्याकडची कितीतरी घरे तिकडे गेली, तशीच इंदूर, ग्वाल्हेर आणि पार तंजावरपर्यंत गेली. तेथील एका परिचितामार्फत तिच्या नातवाचा पत्ता लागला. त्याच्याकडे आजीची एक वही होती. तीत हिशेब होते, पापडाचे प्रमाण होते, आणि शेवटच्या दोन पानांवर तिने आपल्या माहेरच्या माणसांची नावे, कोण कोणाचा, कोण कोणत्या साथीत गेले, हे सगळे आठवून लिहून ठेवले होते. मी त्याला त्र्यंबकेश्वरच्या नोंदीची आणि कोतवाल बुकाची नक्कल पाठवली, त्याने मला त्या दोन पानांची. दोन्हीकडची माहिती समोरासमोर ठेवल्यावर त्याच्या कागदांतल्या तीन चुका आणि माझ्या कागदांतल्या पाच चुका निघाल्या. आपली माहिती दुसऱ्याला दिल्याने ती कमी होत नाही, उलट तपासून परत येते, हे मी तेव्हा शिकले, आणि म्हणूनच जी मंडळी आपल्या कुळाचे कागद कुलूपबंद ठेवतात त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की निदान नक्कल तरी बाहेर येऊ द्या.

आता काहीजण विचारतील की वतन-इनामवाल्यांचे हे झाले, इतरांचे काय? प्रश्न योग्यच आहे. इनामांची चौकशी करणाऱ्या ब्रिटिशकालीन इनाम कमिशनपुढे दिलेल्या कैफियती आणि वंशावळी पुण्याच्या पुरालेखागारात रुमालांत बांधून ठेवलेल्या आहेत; पण ज्यांच्याकडे इनाम नव्हते, त्यांची वंशावळ तेथे कोण देणार? तरीही त्यांच्या नोंदी नाहीतच असे नाही, त्या वेगळ्या ठिकाणी आहेत. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि सीमाभागात हेळवी येतात. सुगी झाली की बैल घेऊन गावात येणारे, उंबऱ्याशी बसून घराण्याच्या मागच्या पिढ्या वाचून दाखवणारे आणि नव्या जन्मांची भर घालून धान्य घेऊन पुढे जाणारे हे लोक म्हणजे चालते दप्तरच. त्यांच्या वह्यांत अनेक कष्टकरी, शेतकरी घरांच्या पिढ्या आहेत. त्यांची पुढची पिढी या कामात राहायला तयार नाही, आणि त्यांनी का राहावे असा प्रश्न मला विचारला तर माझ्याकडे उत्तर नाही; पण त्यांच्या वह्या तरी मानधन देऊन उतरवून घ्यायला हव्यात. ज्यांना ना इनाम, ना हेळवी, त्या अनेक घरांतील पहिले लिहिलेले नाव जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडते. मी स्वतः ती रजिस्टरे सांभाळली आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांतील शंभर वर्षांपूर्वीची ती रजिस्टरे म्हणजे त्या मुलांच्या नातवंडांची खरी सनद आहे, आणि ती आज कित्येक ठिकाणी खडूच्या खोक्यांशेजारी पडून आहेत.

कुणबी नोंदींच्या शोधासाठी शासनाने २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा याच दप्तरांची किंमत सगळ्या राज्याला एकदम कळली. मराठवाड्यात निजामकालीन कागद उघडले गेले, फसली, म्हणजे महसुली, सनांची गणिते मांडली गेली, मोडी वाचकांची शोधाशोध झाली. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूविषयी मला येथे काही म्हणायचे नाही. माझे म्हणणे इतकेच की एका कामासाठी उघडलेली दप्तरे ते काम झाल्यावर पुन्हा पोत्यात जाऊ नयेत. जातीच्या दाखल्यापुरता जो रकाना पाहिला गेला, त्याच्या शेजारच्या रकान्यांत कोठे आईचे नाव आहे, कोठे वय आहे, कोठे गाव आहे.

मोडीचा प्रश्न तर आहेच. पेशवाईतील कागदावर ‘सलास सबैन मया व अलफ’ असे लिहिलेले असते. हे अरबी शब्द तीन, सत्तर, शंभर आणि हजार या क्रमाने वाचायचे, म्हणजे त्या काळी दप्तरांत चालणारा सुहूर सन ११७३ झाला. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७७२-७३ येतो. हे अवघड नाही. मी साठीनंतर शिकले. पण हे शिकवणारे वर्ग मोठ्या शहरांपुरते आहेत, आणि कागद मात्र खेड्यात आहेत.

मॉरिशसचे उदाहरण आपण पाहावे. १८३४ पासून तेथे उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्यांत रत्नागिरी आणि त्या पट्ट्यातील आपली मराठी माणसेही होती. त्यांच्या आगमनाची रजिस्टरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत सांभाळलेली आहेत. त्यांत क्रमांक, वय, गाव, जिल्हा आणि कित्येकांची छायाचित्रेही आहेत. तेथील मराठी कुटुंबे आज त्या नोंदींवरून आपल्या खापरपणजोबांचे गाव शोधत कोकणात येतात. निर्धन मजुरांच्या नोंदी त्या लहानशा बेटाने इतक्या निगुतीने राखल्या, आणि ते ज्या गावाहून निघाले त्या गावाचे दप्तर आपल्याला राखता येत नाही, याचे मला फार वाईट वाटते. हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्यांच्या मायक्रोफिल्म काही दशकांपूर्वी अमेरिकेतील युटा येथील जिनिऑलॉजिकल सोसायटीने करून घेतल्या. परदेशी संस्थेला जे करावेसे वाटले, ते आपल्या विद्यापीठांना, पुरालेख संचालनालयाला आणि भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या जुन्या संस्थांना मिळून का करता येऊ नये?

सिंहस्थाच्या निमित्ताने लाखो घरांतील माणसे नाशिक-त्र्यंबकेश्वरी येतील, आणि त्यांतील कितीतरी उपाध्यायांपुढे बसून आपली नावे सांगतील. त्याआधी जुन्या वह्यांच्या प्रतिमा घेण्याचे काम सुरू व्हावे. परंतु ते उपाध्यायांना विश्वासात घेऊनच व्हावे. या वह्या त्यांच्या घरच्या आहेत, भावाभावांच्या वाटणीत त्या गावनिहाय वाटल्या गेल्या आहेत, आणि त्यांवर त्यांचा चरितार्थ आहे. वही त्यांच्याकडेच राहावी, एक प्रत पुरालेखागारात जावी, आणि ज्याला आपली नोंद पाहायची आहे त्याने ती उपाध्यायांच्या संमतीने पाहावी, अशी काही रीत बसवता येईल. हयात माणसांची माहिती उघड करू नये. जुन्या कागदांत दत्तक आहेत, पुनर्विवाह आहेत, घरातून काढून लावलेली माणसे आहेत. त्यांची नावे हाताळताना आपण आपल्याच घरची अब्रू हाताळतो आहोत इतकी काळजी घ्यावी. मीही या पत्रात माझ्या माणसांची नावे त्याच कारणाने दिलेली नाहीत.

आणि प्रतिमा घेतल्यावर सूची करावी, कारण सूची नसलेले दप्तर म्हणजे किल्ली नसलेली पेटी. ती सूची केवळ आडनाव आणि पुरुषाचे नाव यांवर थांबू नये. पत्नीचे नाव, आईचे नाव आणि जेथे आढळेल तेथे माहेरचे गाव हे रकाने तीत असलेच पाहिजेत. विवाहानंतर नाव बदलण्याच्या चालीमुळे बाई दोन वंशावळींत दोन निराळ्या नावांनी असते, किंवा एकीतही नसते. हा सांधा जुळवायचा तर सूची करतानाच जुळवावा लागेल. जे आता नवीन कुलवृत्तांत काढीत आहेत त्यांनीही मुलींची नावे, त्यांची सासरची घरे आणि त्यांची मुले यांना फांदीवर पूर्ण जागा द्यावी.

गेल्या वर्षी मी पुन्हा त्र्यंबकेश्वरला जाऊन आले. माझ्या भाच्याने आजोबांच्या नोंदीखाली स्वतःचे आणि आपल्या मुलाचे नाव लिहिले. मी उपाध्यायांना विचारून त्याच्या दोन बहिणींची आणि माझी, जन्मनावाने आणि सासरच्या नावाने, अशी नावे लिहिली. त्यांनी हरकत घेतली नाही. ‘आता बरेचजण लिहितात’ असे ते म्हणाले.

माझ्या पणजीचे माहेर मात्र मला अद्याप मिळालेले नाही. तिचे सासरचे नाव एका नदीचे होते, वय कोतवाल बुकाप्रमाणे ५८, मृत्यू ऑक्टोबर १९१८ मध्ये, कोरेगाव तालुक्यात. ती कोणाची तरी मुलगी म्हणून कोठल्या तरी गावच्या, दुसऱ्याच आडनावाच्या वहीत असेल, किंवा तिच्या बापाने फक्त मुलग्यांची नावे सांगितली असतील. त्या तालुक्यातील आणि शेजारच्या खटाव-माणमधील ज्या घरांकडे जुने कागद असतील, त्यांनी आपल्या पत्राच्या कार्यालयामार्फत कळवावे. माझ्याजवळच्या सर्व नकला, मोडीचे देवनागरी लिप्यंतर आणि माझ्या चुकांची यादी, मी त्यांना आनंदाने पाठवीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका, सातारा